सासूसाठी शिकलेलं पोहणं

लोक पोहायला का शिकतात, मला माहीत नाही. कुणी हौसेनं शिकत असेल, कुणी अंगाला बरं म्हणून. मी शिकले ते सासूच्या मुस्काटात एक ठेवून देता यावी म्हणून. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. चौथी शिकलेली बाई आहे मी, दुसरं कुणी माझं लिहिणार नाही, मग खरं तेच लिहावं.

माझं माहेर तापीच्या एका काठाला आणि सासर समोरच्या. माहेरच्या अंगणातून सासरच्या चिंचेचा शेंडा दिसायचा. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "डोळानी समोर शे मन्ही पोर." डोळ्यांसमोर होते, पण मध्ये नदी होती, हे कुणी मोजलंच नाही.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. सण झाला की सासरचा माणूस येऊन परत नेतो. न्यायला कुणी आल्याशिवाय लेकीनं आपल्या पायानं सासरी जायचं नाही, त्यात बापाचा अपमान. लग्नानंतरच्या चौथ्या आखाजीला माझा भाऊ मुऱ्हाळी म्हणून आला, तेव्हा माझी पोर दोन वर्षांची होती आणि तिच्या अंगावर गोवर फुलला होता. सासू म्हणाली, "पोरले आठे ऱ्हाऊ दे. ऊन लागी तिले. आठ दिनमा तू येशीच." मला वाटलं, काय मायाळू बाई आहे! आणि मी मूर्ख, माझ्या हातानं पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

आठ दिवस गेले. आखाजी सरली, पाऊस लागला, पोळा झाला, दिवाळी झाली. न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीनंतर कळलं की नवऱ्यानं दुसरी केली.

वडील मानी माणूस. तरी अपमान गिळून ते मला घेऊन निघाले. नावाडी सासरच्या गावचा. त्याला ताकीद होती, त्यानं मला नावेत पाय ठेवू दिला नाही. मग दोन कोस खाली उतार होता, तिथून चालत नदी ओलांडली. पण वेशीतून येणारं माणूस साऱ्या गावाला दिसतं. आम्ही दाराशी पोचेपर्यंत दार लावलेलं होतं. आतून माझ्या पोरीचा खोकला ऐकू आला. मी दार वाजवलं, हाका मारल्या, शिव्या दिल्या. सासू आतूनच म्हणाली, "कोनी नही घरमा." परत आल्यावर वडिलांनी पंच बसवले. पंच म्हणाले, पोर बापाच्या घरची, तिच्यावर आईचा काय हक्क? वडिलांनी मान खाली घातली. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

आता बार काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी घरी बसवलेली गौराई पाण्यात सोडायची असते. तेव्हा दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर जमतात आणि समोरच्या काठावरच्या बायांना शिव्या देतात. अगदी ठेवणीतल्या! कुणाचा नवरा आळशी, कुणाच्या भाकरी कच्च्या, कुणाच्या घरी काय शिजतं, सगळं चव्हाट्यावर. दगडही फेकतात. आमच्या दोन गावांमध्ये तापीचा डोह होता, आरोळी पोचेल इतका अरुंद आणि दगड पोचणार नाही इतका रुंद, त्यामुळे लागत कुणाला नसे. मग गौराई सोडायची, तोंड धुवायचं, हसत घरी जायचं. बारातलं मनावर घ्यायचं नसतं, हा नियम. दुसऱ्या दिवशी त्याच बाया बाजारात भेटल्या की एकमेकींच्या पोराबाळांची चौकशी करायच्या. मला तो सण फार आवडे.

त्या काठाच्या बारात माझी सासू पुढारी. काय आवाज होता बाईचा! काठावरच्या काळ्या खडकावर चढून ओरडली की आमच्याकडची कुत्री भुंकायला लागायची.

तर मला टाकल्यानंतरची पहिली आखाजी. मी बाराला जाणार नव्हते, पण पोर लांबून तरी दिसेल म्हणून गेले. दिसली. सासूच्या कडेवर होती, लाल झगा घातलेला, वर्षभरात उंच झाली होती. मला रडू येईना की हसू येईना. तेवढ्यात सासूनं माझ्याकडे बोट दाखवून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आणि माझी पोर, मी पाजलेली पोर, दोन्ही हात हलवत ओरडली, "टाकेल! टाकेल!"

टाकेल म्हणजे नवऱ्यानं टाकलेली. तिला काय अर्थ कळणार? तिला खेळ वाटला. सासू हसली, तिचा अख्खा काठ हसला आणि माझ्या शेजारच्याही दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मोठी भावजय मला म्हणाली, "जाऊ दे ना. बारमातलं मनवर लेवानं नही."

मी घेतलं. त्या क्षणी घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती तिथेच राहिली.

नावेनं जाता येत नाही, वाटेनं गेलं तर दार लागतं. मग जिथे सासू उभी आहे तिथे पाण्यातूनच निघायचं, भर बारात, दोन्ही गावांदेखत, आणि त्या थेरडीच्या थोबाडीत मारायची. एवढंच डोक्यात होतं. अडचण एकच होती, मला गुडघाभर पाण्याची भीती वाटायची.

आमच्या काठावर एक म्हातारी भोईण राहायची. नवरा मेलेला, मासे धरायची, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजं लावायची. गावात तिच्याइतकं पाणी कुणाला कळत नव्हतं. मी तिच्या झोपडीत गेले आणि म्हटलं, मला पोहायला शिकव. बाईमाणसानं नदीत पोहायचं म्हणजे तेव्हा काय बोलले असते लोक! तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती बाराला हजर होती.

"सासूकडे जानं शे?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग नऊवारी सोड. तिनामा तर म्हैस बी बुडी."

वडिलांचं जुनं धोतर फाडून मी त्याचा आखूड काष्टा घातला, वर चोळी. भर दुपारी, गडीमाणसं जेवून झोपलेली असायची तेव्हा, आम्ही वरच्या वळणावर जायचो. तिथे निर्गुडीच्या आड कुणाला दिसायचं नाही. तिनं दोन वाळके भोपळे माझ्या काखेखाली सुंभानं बांधले. आतून पोकळ, तोंडं डांबरानं बंद केलेली. त्यांच्यावर माणूस तरंगतो. पहिल्या दिवशी मी तरंगले आणि बोंब ठोकली. पायाखाली काही नाही, हे अंगाला पटतच नव्हतं. पाय जमीन शोधत खाली जायचे आणि खालचं पाणी गार, बर्फासारखं. वर कढत, खाली गार. विहिरीत शिकणाऱ्या पोरांना हे ठाऊक नसतं. विहिरीला काठ असतो, दमलं की दगड धरता येतो. नदीत धरायला काही नाही, आणि तुम्ही उभे राहिलात तरी पाणी चालतच असतं.

मी पाण्यावर हात आपटत होते, दात ओठ खात होते. म्हातारीनं माझी वेणी धरून मला काठावर ओढलं.

"पानीशी काब्र भांडस? पानी काय तुन्ही सासू शे?"

मला इतका राग आला की मी तिलाही शिवी दिली. ती खो खो हसली आणि मला परत ढकलून दिलं.

तिनं शिकवलं ते असं. आधी नुसतं पडून राहायचं, कान पाण्यात बुडवून, आभाळाकडे बघत. पंधरा दिवस तिनं दुसरं काही करू दिलं नाही. मग तोंडानं श्वास घ्यायचा, पाण्यात नाकानं सोडायचा. मग पाय. मग हात, आणि तेही सावकाश. समोरच्या काठाचं एक झाड डोळ्यांत धरायचं आणि दर चार हातांनी मान उचलून बघायचं की झाड जागेवर आहे का, नाहीतर माणूस सरळ जातोय समजून खाली वाहत जातो. ज्या ठिकाणी निघायचं तिथून समोर उतरायचं नाही, पार वर जाऊन उतरायचं, म्हणजे पाणीच तुम्हाला नेऊन पोचवतं. दम लागला तर थांबायचं नाही, उताणं व्हायचं. आणि सुसर दिसली तर? मी विचारलं. "मंग तिले सासूनं घर दाखाडी दे," म्हातारी म्हणाली.

पावसाळ्यात पूर असतो तेव्हा आम्ही थांबलो. दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हा तिनं एक भोपळा काढून घेतला. थंडीत माझे ओठ काळेनिळे व्हायचे. म्हातारी काठावर शेकोटी करून बसायची आणि मी बाहेर आले की गरम राखेत भाजलेलं रताळं हातात द्यायची. संक्रांतीनंतर तिनं दुसरा भोपळाही काढला. ज्या दिवशी मी भोपळ्यांशिवाय डोहाच्या मध्यापर्यंत जाऊन आले, त्या दिवशी मी सासूच्या नावानं मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

घरी संशय आला होताच. केस सारखे ओले, अंगाला नदीचा वास. एकदा आईनं माझं धोतराचं फडकं वाळत घातलेलं पाहिलं. तिनं ते घडी करून माझ्या उशाखाली ठेवलं.

आखाजी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी बार उभा राहिला. सासू खडकावर चढली. मी आमच्या बायांत नव्हते, वरच्या वळणावर होते. उतरले. छाती धडधडत होती, पण पाण्यात पडल्यावर शांत झाली. चिंचेचा शेंडा डोळ्यांत धरला आणि निघाले. दोन्हीकडच्या शिव्या पाण्यावरून ऐकू येत होत्या. डोक्यात एकच, उजवा हात की डावा? उजव्यानं मारायची असं ठरवलं.

पाण्यानं मला बरोबर नेऊन पोचवलं, सासूच्या खडकाच्या थोडं वर, लव्हाळ्यात. तिथून तिची पाठ दिसत होती. पंधरा पावलं. मी दम खाल्ला, काष्टा पिळला, आणि बघते तर लव्हाळ्यापलीकडे वाळूत माझी पोर बसलेली. एकटीच. हातात टरबुजाची फोड, तोंड लालभडक, बारात मन नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांची झाली होती. ओळखलं नाही.

"तू कोन शे?"

माझ्या तोंडून निघालं, "भोईण."

तिला ते पटलं. ओलीचिंब बाई नदीतून आली, म्हणजे भोईणच. मग मोठ्या माणसासारखं तोंड करून ती मला म्हणाली, "आज ती टाकेल उनी नही. आजी म्हने, तुले आरोळी मारनी शे. आनि ती उनीच नही." ती टाकेल आली नाही, याचाच तिला राग.

मी काय सांगू, त्या वेळी मला काय झालं! हात तर नुसते शिवशिवत होते. पंधरा पावलांवर ती थेरडी उभी होती, तोंड भरून शिव्या देत होती. गेले असते, मारली असती, दोन्ही गावांनी पाहिलं असतं. आणि पोरीनंही पाहिलं असतं. नदीतून कुणी भोईण आली आणि तिनं माझ्या आजीला मारलं. मग मी परत आले की पोर पळाली असती. सासूला हवं होतं ते मीच करून दिलं असतं.

उचलून आणायची, तर उचललेली पोर पंच परत मागून नेतात. आणि तिला पाठीवर घेऊन पोहण्याइतकी मी अजून तयारही नव्हते.

पोरीनं टरबुजाची अर्धी फोड मला दिली. म्हणाली, "तू पानीमातून उनी? माले बी शिकाडशी?"

तिथे मला कळलं काय करायचं ते. थोबाडीत मारलेली चार दिवसांत उतरते. मी ती फोड बियांसकट खाल्ली, "शिकाडसू" म्हटलं आणि आले तशी पाण्यात गेले. म्हातारी भोईण काठावर वाट बघत होती. तिनं विचारलं, "मारी का?" मी म्हटलं, "अजून नाही."

पुढची सहा वर्षं मी ती थोबाडीत मारतच होते म्हणा. सासू कपडे धुवायला यायची तेव्हा पोर लव्हाळ्याकडे खेळायला यायची, मी तिथे असायचे. तिला वाटायचं की भोईण ही आपली गुपित मैत्रीण. कुणाला सांगायचं नाही, नाहीतर भोईण येणार नाही, एवढं ती जाणून होती. सातव्या वर्षी सासूनं तिच्या हाती म्हशी दिल्या. बरंच झालं! म्हशी दुपारभर डोहाच्या वरच्या अंगाला डुंबत पडायच्या आणि पोर म्हशीचं शेपूट धरून पाय मारायची. भोपळे मी डोक्यावर बांधून नेले, माझेच ते दोन. म्हातारीनं मला जे सांगितलं तेच मी तिला सांगितलं, शेवटचा शब्दसुद्धा तोच, फक्त सासूचं काढून टाकलं.

पहिल्यांदा ती भोपळ्यांशिवाय उताणी पडून तरंगली तेव्हा मी रडले. ओल्या तोंडावर रडं दिसत नाही असं मला वाटलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत आभाळाकडे डोळे लावले. मी तिची आई आहे हे मी कधीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लहान तोंडातून घरी गेलं असतं.

दर आखाजीला बार व्हायचा. दर आखाजीला सासू तिला खडकावर घ्यायची आणि ती ओरडायची, "टाकेल!" मी समोरच्या काठावर उभी राहून ऐकायचे. इतक्या लांबून तिला फक्त पदर घेतलेल्या बायांची रांग दिसायची. मी एक शब्द उलटून बोलायचे नाही. बाया म्हणायच्या, हिच्यात काही राम राहिला नाही. मी मनात म्हणायचे, थांबा.

ती दहा वर्षांची झाली त्या वर्षीची आखाजी. बार चांगला रंगला होता. सासू आता म्हातारी झाली होती, पण आवाज तोच. तिनं पोरीला पुढे ओढलं आणि माझ्याकडे बोट केलं. पोर ओरडली नाही. सासूनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरीनं झगा कमरेला खोचला, खडकाच्या टोकावर गेली आणि पाण्यात उडी मारली.

सगळा बार गप्प झाला. शिव्या मध्येच तुटल्या. मग त्या काठावर किंकाळ्या, "बुडनी! बुडनी!" माझ्या काठावर बाया छाती बडवायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला हेच हवं होतं. सहा वर्षं मी याचीच वाट पाहिली होती. पण मी तिला नदी ओलांडायला सांगितलं होतं ते वरच्या वळणावरून, आणि अजून एक वर्षानं. ही पोर खडकावरूनच निघाली होती, तिथे धार ओढते. मी कमरेपर्यंत पाण्यात शिरले, तर म्हाताऱ्या भोईणीनं मागून माझी वेणी धरली, पहिल्या दिवशी धरली होती तशीच.

"जाऊ नको. तिले येऊ दे."

पोर वर आली. खाली वाहायला लागली. मग तिनं मान उचलून झाड शोधलं, आणि मला दिसलं की ती पाण्याशी भांडत नाही. मध्यावर दमली, उताणी झाली, तिच्या छातीचं वरखाली होणं मला इथून दिसत होतं. मी मोजत होते, काय मोजत होते देव जाणे. मग वळली आणि परत हात मारायला लागली.

ती बरीच खाली जाऊन आमच्या काठाला लागली. मी धावले, चिखलात दोनदा पडले. ती खोकत खोकत बाहेर आली, डोळे लाल झालेले, नाक पुसलं आणि माझ्यावर चिडून म्हणाली, "मन्हा नाकमा पानी गयं, माय."

मी कधीच सांगितलं नव्हतं. पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, "मी तरंगनू तैं तू रडनी. भोईण कसाले रडी?" पण ते नंतरचं. तेव्हा मी तिला पदरात गुंडाळलं आणि समोर पाहिलं.

सासू खडकावर उभी होती. दोन्ही हात वर, तोंड उघडं आणि त्यातून आवाज नाही. तिच्यामागे माझा नवरा धावत आला होता, नावाड्याला हाका मारत होता. नवरा नावेनं आला, संध्याकाळी पंचही आले. पोरीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "माले न्या. मी उद्या परत पोहीसन येसू." एकदा नेलीही. चौथ्या दिवशी ती ओल्या झग्यानं आमच्या अंगणात उभी. मग कुणी न्यायला आलं नाही. न्यायला न येण्याची सवय त्यांना होतीच.

पण त्या दुपारी, दोन्ही काठ गप्प असताना, मी पाण्याच्या कडेला गेले. सात वर्षांत बारात मी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं, आणि माझाही आवाज काही कमी नाही, हे मलाही तेव्हाच कळलं.

"आत्याबाई!" मी ओरडले. "बारमातलं मनवर लेवानं नही!"

मग आम्ही मायलेकींनी मिळून गौराई पाण्यात सोडली.